मुरलेल्या व्हिस्कीत दुसरी दारू घातली तर ती अस्सल राहते का?

मधली_गल्ली
धागा काढायला कारण झालीय कॅनडाची एक बाटली. अल्बर्टा प्रीमियम डार्क हॉर्स. टोरांटोचा_पाव्हणा सुट्टीला कोल्हापुरात आलाय, त्यानं आणली. तांबडा-पांढरा झाला, बाटली उघडली, सगळ्यांना लई आवडली, गोडसर, जड, मनुक्याचा आणि लाकडाचा वास, आणि मग हा बाबा सांगतोय की ह्यात ९१ टक्के राय (एक धान्य) व्हिस्की, ८ टक्के अमेरिकन बर्बन (मुख्यतः मक्याची व्हिस्की) आणि १ टक्का शेरी म्हणजे वाईन असते. झालं. निम्मी गच्ची म्हणाली मग ही व्हिस्की कसली, मिक्श्चर हाय हे. उरलेले म्हणाले चव भारी हाय न्हवं, मग गप पी.

मला खरंच प्रश्न पडलाय. वर्षानुवर्षं लाकडात मुरवलेल्या मालात बाहेरनं दुसरी दारू ओतली तर त्याचा अस्सलपणा जातो का? आणि जात असंल तर किती घातल्यावर जातो, १ टक्क्याला का ५० टक्क्याला? जाणकारांनी लिहा. 'दारू वाईटच' म्हणणाऱ्यांचं बरोबरच हाय, पण त्यांनी दुसरा धागा बघावा.

सोडावॉटर
रुमाल टाकून ठेवतोय. मी पीत नाही पण चकण्याला कायम असतो.

स्कॉचपंत
राग मानू नका पण ह्यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. मुरवलेल्या व्हिस्कीत बाहेरची दारू ओतली की ती अस्सल राहिली नाही, विषय संपला. स्कॉटलंडचे २००९ चे नियम बघा. ओकच्या पिंपात कमीत कमी ३ वर्षं, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही, बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली जायचं नाही, आणि बाहेरून घालायला परवानगी फक्त दोन गोष्टींना, पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरॅमल. शेरी नाही, बर्बन नाही, इसेन्सचा थेंब नाही. बाटलीवर १२ लिहिलं असेल तर आतला सगळ्यात कमी वयाचा थेंबसुद्धा १२ वर्षांचा लागतो. १८ वर्षांच्या मालात चमचाभर ३ वर्षांची घातली तरी लेबलवर ३ च लिहावं लागतं, नाहीतर वय लिहायचंच नाही. ह्याला शिस्त म्हणतात. कॅनडावाल्यांनी त्यांच्या घरी काय करायचं ते करावं.

सोडावॉटर
पुण्यातनं शिस्तीवर प्रतिसाद आला, धागा अधिकृतपणे सुरू झाला असं समजूया.

टोरांटोचा_पाव्हणा
पंत, जरा दमानं. कॅनडात पण ३ वर्षं लाकडात ठेवायचा नियम हायच की, पिंपाचा आकार पण ७०० लिटरपर्यंतच, बाटलीत ४० टक्के पण हायच. फरक एवढाच की तिथल्या नियमात बाहेरची दारू किंवा वाईन ९.०९ टक्क्यांपर्यंत घालता येते, म्हणजे ११ भागात १ भाग. आणि ती पण कालची काढलेली चालत न्हाई, घालायचं स्पिरिट असंल तर त्यानं पण कमीत कमी २ वर्षं लाकडात काढलेली लागतात. आता डार्क हॉर्सचा हिशोब बघा, ८ अधिक १ म्हणजे ९, बरोबर रेषेच्या आत बसवलंय. चोरून काय न्हाई, तिकडं हे सगळ्यांना माहीत हाय.

हा नियम कुठनं आला म्हणाल तर त्यात कला कमी आणि टॅक्स जास्त हाय हे पण सांगतो. अमेरिकेत विकायच्या मालात तिथलंच स्पिरिट किंवा वाईन मिसळली की अबकारीत फायदा व्हायचा, म्हणून मोठ्या खपाच्या स्वस्त बाटल्यांत हे आधीपासनं चालायचं. डार्क हॉर्सवाल्यांनी फक्त तीच पळवाट चवीसाठी वापरली. मला तर हे लई आवडलं, कायद्याची पळवाट कधीतरी पिणाऱ्याच्या कामाला आली.

स्कॉचपंत
म्हणजे तुम्हीच कबूल करताय की मूळ टॅक्स वाचवण्यात आहे. माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत.

मळी_ते_मद्य
कॅनडावर कशाला चढलाय सगळे? माझं निम्मं आयुष्य साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेलंय म्हणून चार ओळी लिहितो. आपल्या परमिट रूममध्ये सगळ्यात जास्त खपणारी जी स्वस्तातली व्हिस्की असते तिच्यात काय असतं ते आधी बघा. मळी आंबवायची, कॉलममधनं म्हणजे गाळायच्या उंच मनोऱ्यातनं काढायची, ९६ टक्क्यांचं स्वच्छ न्यूट्रल अल्कोहोल होतं, आम्ही त्याला ईएनए म्हणतो, त्याला ना वास ना चव, टँकर भरून बॉटलिंगला जातं, तिथं पाणी घालून ४२.८ वर आणायचं, थोडं माल्टचं म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचं स्पिरिट, जरा वरच्या किमतीची असंल तर थोडी बाहेरनं आणलेली स्कॉच, कॅरॅमल, फ्लेवर, की झाली व्हिस्की. म्हणजे कॅनडाच्या त्या बाटलीत ९१ भाग व्हिस्की आणि ९ भाग इतर, आणि आपल्या स्वस्त बाटलीत बहुतेक सगळं 'इतर' आणि व्हिस्की नावाला. सगळ्याच तशा न्हाईत, धान्याचं स्पिरिट वापरणारे पण आता बरेच झालेत, पण मळीचा माल युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत न्हाई. तिथं धान्यापासनंच केलेली पाहिजे आणि ३ वर्षं मुरलेलीच पाहिजे. आपलं मळीचं स्पिरिट पिंपात घालून मुरवलं तर जग त्याला रम म्हणंल.

आता गंमत बघा. स्कॉटलंडात ग्रेन व्हिस्की (निव्वळ माल्टची न्हवं, इतर धान्याची पण) काढताना ९४.८ टक्क्यांच्या आत काढायची अट हाय. आमचं ईएनए ९६. फरक किती, १.२ टक्के. आणि तुमच्या ब्लेंडेड म्हणजे मिसळलेल्या स्कॉचमधला मोठा हिस्सा ह्याच ग्रेन व्हिस्कीचा असतो पंत, माल्टचा न्हवं. मग तिला एवढा मान का? एक तर ती धान्याची, आणि दुसरं म्हणजे ती ३ वर्षं. आतनं जाळलेल्या लाकडातनं व्हॅनिलिन येतं, टॅनिन येतं, कोळशाचा थर गंधकाचा उग्र वास ओढून घेतो, लाकडातनं हवा आतबाहेर होऊन फळांसारखे वास तयार होतात. स्टीलच्या टाकीत ह्यातलं काय होत न्हाई. म्हणून माझ्या लेखी मिसळणं हा मुद्दाच न्हाई. न मुरलेलं स्पिरिट मुरलेल्याच्या नावावर खपवणं हा मुद्दा हाय. बर्बन नव्या जाळलेल्या पिंपात राहिलेली असते, शेरी पण पिंपातली, ती व्हिस्कीत घातली तर काहीतरी भर पडते. ईएनए घातलं तर फक्त लिटर वाढतात.

मधली_गल्ली
काका, लई भारी लिहिलायसा. ९४.८ आणि ९६ वालं वाचून डोकं फिरलं.

वकीलीणबाई
हा वाद नवा नाहीये, सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये कोर्टात झालाय आणि तो वाचताना मला तर आपलाच धागा वाचतोय असं वाटलं होतं. १८३० च्या सुमाराला एनिअस कॉफी ह्या माणसानं सलग चालणाऱ्या कॉलमचं पेटंट घेतलं, त्याच्यामुळे स्वस्त आणि हलकं ग्रेन स्पिरिट भरमसाठ निघायला लागलं आणि ब्लेंडवाल्यांनी ते माल्टमध्ये मिसळायला सुरुवात केली. माल्टवाले चिडले, की ही व्हिस्कीच नाही. १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात स्थानिक प्रशासनानं दारू विकणाऱ्यांवर खटले भरले की तुम्ही व्हिस्की म्हणून भलतंच विकताय, आणि १९०६ ला विक्रेत्यांना दोषी ठरवलं. मग एवढा गोंधळ झाला की १९०८ ला शाही आयोग बसवला, 'व्हिस्की म्हणजे काय' एवढं ठरवायला. १९०९ ला निकाल आला की माल्ट असो नाहीतर ग्रेन, दोन्ही व्हिस्कीच.

म्हणजे पंत, तुम्ही ज्या ब्लेंडेड स्कॉचच्या शिस्तीचे गोडवे गाताय ती त्या काळच्या पंतांच्या दृष्टीनं चक्क भेसळ होती. आणि ती ३ वर्षांची अट पण चवीसाठी आलेली नाही हं. पहिलं महायुद्ध चालू होतं, कामगार पिऊन पडतात म्हणून सरकारला दारू कमी करायची होती, १९१५ चा कायदा आला, आधी २ वर्षं आणि मग ३ वर्षं गोदामात ठेवल्याशिवाय विकायची नाही असं ठरलं. माल चांगला झाला तो नंतरचा फायदा.

अमेरिकेत पण त्याच वर्षी म्हणजे १९०९ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष टाफ्टना स्वतः निकाल द्यावा लागला होता. त्यांनी धान्याचं न्यूट्रल स्पिरिट व्हिस्कीत धरलं, फक्त लेबलवर ब्लेंड असल्याचं लिहा म्हणाले, आणि मळीचं स्पिरिट मात्र बाहेर ठेवलं. आज तिथं 'ब्लेंडेड व्हिस्की' म्हणून विकायची तर कमीत कमी २० टक्के स्ट्रेट म्हणजे नीट मुरवलेली निव्वळ व्हिस्की लागते, बाकी न्यूट्रल स्पिरिट चालतं, पण ते किती टक्के आहे आणि कशापासून काढलंय ते बाटलीवर लिहावं लागतं. मला ह्यातली ही लिहायची अट सगळ्यात आवडते. मिसळा, पण छापा.

स्कॉचपंत
इतिहास माहीत आहे, धन्यवाद. पण शंभर वर्षांपूर्वी वाद होता म्हणून आज कुणीही काहीही ओतावं असं होत नाही. एकदा रेषा ठरली की ठरली.

गुऱ्हाळवाला
मला दारूतलं एवढं कळत न्हाई, गुळातलं कळतं. तुमचा सगळा धागा वाचला आणि मला आमच्या मार्केट यार्डातलं भांडण आठवलं. गुळात साखर मिसळणारी माणसं हायत, सगळ्यांना म्हायत हाय. काहिलीत रस उकळताना साखर ओतायची, ढेप पिवळीधमक आणि कडक होती, वजन भरतंय, लांबच्या बाजारपेठेत असल्या रंगाला गिऱ्हाईक हाय. आता तुम्ही म्हणाल साखर काय विष हाय का, ती पण उसाचीच की. बरोबर हाय. पण मग २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते कशाला मिळालं? भेंडीचं पाणी घालून मळी काढत बसणाऱ्यानं आणि साखरेची पोती फोडणाऱ्यानं एकाच नावानं माल विकायचा का?

आणि एक सांगतो. साखर गुळापेक्षा स्वस्त असली तरच मिसळत्यात. ज्या वर्षी साखर महाग त्या वर्षी सगळे आपोआप शुद्ध गूळवाले होत्यात. तवा माझी साधी परीक्षा हाय, घालायचा माल मूळ मालापेक्षा स्वस्त असंल तर भेसळ समजा, महाग असंल तर कारागिरी समजा. तुमच्या व्हिस्कीला लावून बघा.

मळी_ते_मद्य
वा वा गुऱ्हाळवाले, एका वाक्यात तुम्ही आमच्या सगळ्या खात्याचा निकाल लावलाय. ईएनए माल्टपेक्षा कितीतरी पटीनं स्वस्त, म्हणून घालतात. विषय संपला.

टोरांटोचा_पाव्हणा
परीक्षा भारी हाय पण पूर्ण न्हाई हो. बर्बन काय रायपेक्षा महाग असतेच असं न्हाई. आणि पाणी? स्कॉचमध्ये पिंपातनं ६० टक्क्यांच्या आसपास निघालेला माल ४० वर आणायला पाणीच ओततात, पाण्यापेक्षा स्वस्त काय असतंय? कॅरॅमल पण स्वस्तच, आणि ते कशाला घालतात तर रंग बघून गिऱ्हाईकानं जुनी समजावी म्हणून. ते चालतं पंतांना.

गुऱ्हाळवाला
पाण्याचं सोडा, टक्का बाटलीवर छापलेला असतोय न्हवं. रंगाचं मात्र तुमचं बरोबर. आमच्यात पण हायड्रोस पावडर घालून गूळ पिवळा करत्यात, ती रंगाचीच चोरी.

टोरांटोचा_पाव्हणा
मग आता पंतांना माझा मेन प्रश्न. शेरी कास्क म्हणजे काय असतं? स्पेनमध्ये पिंपात शेरी भरून ठेवायची, दीड-दोन वर्षांनी काढायची, ओलं पिंप स्कॉटलंडला पाठवायचं. त्या लाकडात काही लिटर शेरी मुरलेली असते. व्हिस्की भरली की ती हळूहळू बाहेर येते आणि व्हिस्कीत मिसळते. म्हणजे शेरी व्हिस्कीत गेलीच की! चमच्यानं घातली तर भेसळ आणि लाकडातनं झिरपली तर परंपरा, हा कुठला न्याय? जिम बीमवाल्यांनी तर डेव्हिल्स कट नावाची बर्बनच काढलीय, रिकाम्या पिंपाच्या लाकडात शोषलेली दारू बाहेर काढून परत मिसळतात. म्हणजे लाकडात माल असतोय हे कोण नाकारतच न्हाई.

आणि जुन्या काळात स्कॉटलंडात पॅक्सारेट वापरायचे, शेरीपासनं केलेलं दाट गोड सिरप, ते दाब देऊन पिंपाच्या लाकडात घुसवायचे म्हणजे जुन्या पिंपाला पुन्हा शेरीची चव. १९९० च्या आसपास ते बंद झालं. तोपर्यंत तुमच्या शिस्तीतल्या बाटल्यांत ते बिनबोभाट जात होतं.

स्कॉचपंत
बंद झालं ना? मग. शिस्त म्हणजे तीच. आणि झिरपण्यात आणि ओतण्यात फरक आहेच. पिंप किती देईल ते पिंप ठरवतं, ऋतू ठरवतो, वर्षं ठरवतात. ओतणारा मात्र तराजू घेऊन बसतो. एकदा ओतायची मुभा दिली की १२ वर्षं थांबायची गरज कुणाला राहील? ३ वर्षांच्या मालात शेरी, थोडी ब्रँडी, थोडी साखर, की झाली १२ वर्षांसारखी चव. तुमच्या डार्क हॉर्सचा मनुक्याचा वास लाकडातून आला की त्या १ टक्क्यातून, सांगू शकाल?

मधली_गल्ली
ह्याला म्हणतात प्रश्न. पाव्हण्या, बोल आता.

टोरांटोचा_पाव्हणा
सांगू शकत न्हाई. पण तुमच्या शेरी कास्कमधला मनुका लाकडाचा का शेरीचा हे तुम्ही तरी कुठं सांगू शकताय?

वकीलीणबाई
दोघांनाही एकेक गुण. पण शिस्त कधीकधी कशी आडवी येते त्याचं पण उदाहरण आहे. कंपास बॉक्स नावाच्या छोट्या ब्लेंडिंगवाल्यांनी २००५ ला स्पाइस ट्री काढली. त्यांनी दुसरी दारू घातलीच नव्हती, फक्त पिंपाच्या आत चांगल्या ओकच्या जास्तीच्या फळ्या बसवल्या. स्कॉच व्हिस्की असोसिएशननं हरकत घेतली की ही पारंपरिक पद्धत नाही, आणि त्यांना ते बंद करावं लागलं. २००९ ला त्यांनी फळ्या काढून पिंपाची झाकणंच नव्या ओकची करून तीच व्हिस्की परत आणली. म्हणजे लाकूड भिंतीला लावलं तर चूक आणि झाकणाला लावलं तर बरोबर. कायद्यात असं असतं, मी रोज बघते.

आणि २०१९ मध्ये त्याच स्कॉटलंडनं पिंपांचे नियम सैल केले, टकिला, मेझकाल ह्या मेक्सिकन दारूंची रिकामी पिंपंसुद्धा आता चालतात. रेषा ठरली की ठरली, असं काही नसतं पंत.

परमिट_रूम_दादा
एवढा वेळ वाचायलोय, आता गल्ल्यावरनं लिहितो. ह्या सगळ्या चर्चेतलं गिऱ्हाईक एक शब्द इचारत न्हाई. गिऱ्हाईक इचारतंय 'दादा, ओरिजनल हाय न्हवं?' आणि त्याच्या डोक्यात ओरिजनल म्हणजे बाहेरनं भरून आलेली. इथं भरलेली स्कॉच म्हणजे डुप्लिकेट असा लोकांचा लई मोठा गैरसमज हाय. टीचर्स, व्हॅट ६९, हंड्रेड पायपर्स, ह्यांची स्कॉच मोठ्या टाक्यांतनं येती आणि आपल्या देशात बाटलीत भरत्यात, त्याच्यावर ४२.८ लिहिलेलं असतंय, तेवढ्यावरनं माणसं नाक मुरडत्यात. अरे उलट जास्त हाय की टक्का. आतली स्कॉच स्कॉचच असती, आपलं स्पिरिट त्यात घालता येत न्हाई, घातलं तर स्कॉच म्हणता येत न्हाई.

आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्या बाटलीवर 'स्कॉच माल्ट मिसळलेली' असं वाचून खूश होतंय. किती मिसळलीय ते कुठं लिहिलंय ते शोधत न्हाई.

स्कॉचपंत
हे मात्र महत्त्वाचं लिहिलंत दादा. एक भर घालतो, टाक्यांतून पाठवायची सवलत ब्लेंडला आहे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट स्कॉच नोव्हेंबर २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. सिंगल माल्ट स्कॉच लिहिलंय आणि इथं भरलेली आहे असं कुणी दाखवलं तर घेऊ नका.

सोडावॉटर
जपानी व्हिस्कीचं पण कायतरी प्रकरण झालं होतं न्हवं? आमच्या मेव्हण्यानं एक बाटली लई मिरवलेली, मग कुणीतरी सांगितलं की ती जपानी न्हवंच.

वकीलीणबाई
हो. जपानच्या दारू-कर कायद्यात १० टक्के खरी व्हिस्की असली तरी बाकी दुसरं अल्कोहोल घालून व्हिस्की म्हणता यायचं, आणि परदेशातून टाकीनं आणलेली व्हिस्की जपानी नावाच्या बाटलीत भरली तरी अडवणारं कोणी नव्हतं. मग जग जपानी व्हिस्कीच्या मागे लागलं, माल पुरेना. शेवटी तिथल्या उत्पादक संघटनेनं २०२१ च्या फेब्रुवारीत स्वतःहून मानक ठरवलं, पाणी जपानचं, आंबवणं, गाळणं, ३ वर्षं मुरवणं, बाटलीत भरणं सगळं जपानात. जुन्या लेबलांना मार्च २०२४ पर्यंत मुदत दिली. निक्कावाल्यांनी तर स्वतः यादी दिली की आमच्या अमुक बाटल्या ह्या व्याख्येत बसत नाहीत, त्यात त्यांची प्रसिद्ध फ्रॉम द बॅरल पण आहे. खप काही थांबला नाही. सनटोरीनं तर २०१९ लाच पाच देशांतल्या व्हिस्क्या एकत्र करून 'वर्ल्ड व्हिस्की' असं उघड लिहून आओ नावाची बाटली काढली.

मेव्हण्यांना सांगा, चव आवडली असेल तर प्या.

सोडावॉटर
मेव्हण्याला चवीचं काय पडलेलं न्हाई हो, त्याला जपान पाहिजे होता.

मधली_गल्ली
आता एक घरगुती प्रश्न. आमच्यातला एक जण बाटल्यांचा तळ उरला की सगळं एकाच बाटलीत ओततो, माल्ट, बर्बन, कधी रम पण. त्याला तो 'इन्फिनिटी बॉटल' म्हणतो. हे अस्सल का नकली?

मळी_ते_मद्य
ते त्याचं स्वतःचं ब्लेंड, विकत न्हाई तोवर कोण इचारणार? फक्त रम जपून घाला, थोडी जरी जास्त पडली तर बाकी सगळ्यांवर बसते. आणि धुराचा वास असलेली आयला बेटावरची माल्ट तर अगदी थेंबानं. बाटली अर्धी रिकामी ठेवू नका, हवेनं चव उतरते. विकत मिळणारं उदाहरण पाहिजे असंल तर अमेरिकेत हाय वेस्टवाले कॅम्पफायर नावानं बर्बन, राय आणि धुराची स्कॉच माल्ट एकत्र करून विकतात. तिन्ही मुरलेल्या हायत, त्यामुळं माझी काय हरकत न्हाई.

पन्हाळ्याचा_वारा
घरी छोटं पिंप घेऊन त्यात ईएनए भरून मुरवता येईल का? काका कुठनं मिळंल?

संपादक
पन्हाळ्याचा_वारा, असले प्रश्न इथे नकोत. ईएनए परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि घरी दारू गाळणं किंवा कुठूनतरी स्पिरिट मिळवून पिणं ह्यात माणसं मेलेली आहेत. ह्यावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील. बाकी चर्चा चालू द्या.

स्कॉचपंत
योग्य. मला कुणी स्कॉटलंडचा एजंट म्हणण्याआधी एक सांगतो, मी आपल्या सिंगल माल्टचा पण चाहता आहे. अमृतनं २००४ च्या ऑगस्टमध्ये आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा ग्लासगोत जाऊन विकायला काढली, ही केवढी हिंमत! आणि त्यांची फ्यूजन बघा, भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची धुरावलेली बार्ली, दोन्ही बंगळुरूलाच गाळलेल्या. मिसळणं हेच आहे, पण दोन्ही एकाच डिस्टिलरीच्या माल्ट, बाहेरची दारू नाही. मागच्या दारानं काही नाही.

मळी_ते_मद्य
अमृतचं नाव काढलंत म्हणून लिहितो, खरी अडचण तिथंच हाय. स्कॉटलंडात पिंपातनं वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, बंगळुरूत तोच १० ते १२ टक्के. आपल्याकडं मुरायला वेळ कमी लागतो पण उडतं पण तेवढंच जास्त. २०० लिटरचं पिंप धरा, वर्षाला १० टक्के उडाली तर ३ वर्षांनी १४६ लिटर उरते. पिंपाचा खर्च, गोदाम, अडकलेल्या पैशाचं व्याज वेगळं. आणि ईएनए आज गाळलं, उद्या टँकरमध्ये. कुठला मालक थांबंल?

मधली_गल्ली
पण आता मळी सगळी इथेनॉलला चाललीय, पेट्रोलमध्ये २० टक्के घालतात. मग व्हिस्कीला धान्याचंच स्पिरिट येणार ना? मग तरी ती खरी व्हिस्की होईल का?

मळी_ते_मद्य
मूळ सुधारंल, वय न्हाई सुधारणार. मक्याचं ९६ टक्क्यांचं ईएनए आणि मळीचं ९६ टक्क्यांचं ईएनए, डोळे बांधून ओळखून दाखवणारा मी तरी बघितलेला न्हाई, एवढं ते धुऊन निघालेलं असतं. धान्याचा फायदा गाळताना धान्याची चव मागं ठेवली तर. म्हणजे पॉट स्टिल (हंड्यासारख्या भांड्यात गाळणं), किंवा कॉलममधनं कमी टक्क्यावर काढणं. आणि मग पिंप.

परमिट_रूम_दादा
जून २०२५ ला सरकारनं 'महाराष्ट्र मेड लिकर' म्हणून धान्याचा नवीन प्रकार काढला न्हवं, १८० मिलीला १४८ पासनं, आणि इंग्लिशची चपटी २०५ च्या खाली न्हाई. १४८ च्या मालात ३ वर्षांचं पिंप कुठनं बसवणार काका.

स्कॉचपंत
१४८ ला बसणार नाही हे मान्य. पण मग त्या बाटलीवर सोनेरी अक्षरं, पिंपांची चित्रं आणि हरणं-बिरणं कशाला छापता? 'न मुरवलेलं धान्याचं स्पिरिट, त्यात अमुक टक्के माल्ट' एवढं लिहा, मी स्वतः विकत घेईन आणि इथे परीक्षण टाकीन.

परमिट_रूम_दादा
पंत, तसली बाटली आली तर पहिली तुम्हालाच ठेवतो. पण येताना परमिट घेऊन या, आमच्यात अबकारीवाले कधीबी येत्यात.